ई, के, टिंब, के

माझ्याकडे काम शिकायला नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी मी तिला तीन बोटांची एक सवय लावते. बाहेरून आलेला मजकूर फायलीत घ्यायचा तर नुसतं कंट्रोल-व्ही दाबायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. म्हणजे साधं चिकटवायचं. अक्षरं तेवढी आत येतील. त्यांचा रंग, आकार, ठळकपणा, मागची करडी पट्टी सगळं बाहेर राहील. मुलगी मान डोलावते. एवढ्याशा गोष्टीवर ताई इतका जोर का देते, हे तिला कळत नसतं. मलाही ते कळायला दहा-बारा वर्षं लागली.

दहिवडीत कचेरीच्या वाटेवर माझं टायपिंग, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. माण तालुक्यातली माणसं इथं कागदासाठी येतात. वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामसभेचे ठराव, पतसंस्थांचे अहवाल, शिंगणापूरला कावड घेऊन जाणाऱ्या मंडळांची पत्रकं, म्हसवडच्या रथाच्या वेळचे फलक, लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं. पाऊस ज्या मुलखाला चुकवून जातो तिथं कागदाचं वजन फार. टँकरची मागणी, दुष्काळाचं अनुदान, विम्याचा दावा, सगळं कागदावरून हलतं. टाईप करताना एक अक्षर चुकलं तर ते कुणाच्या तरी घरात जाऊन लागतं, ही भीती मला पहिल्यापासून आहे आणि ती असावी असंच मला वाटतं.

मी टायपिंग शिकले ते गोदरेजच्या टाईपरायटरवर. मिनिटाला ३० शब्दांची मराठीची सरकारी परीक्षा, मग ४० शब्दांची. त्या यंत्रात अक्षराचा एकच आकार. ठळक करायचं तर मागं येऊन त्याच अक्षरावर पुन्हा ठोका मारायचा, शीर्षकाखाली रेघ हवी तर तीही ठोक्याठोक्यानं ओढायची. जे उमटेल ते अक्षर, त्याच्या मागंपुढं काही नाही.

१९९७ साली एका छापखान्यात डीटीपीच्या कामाला लागले, तिथं 'पेस्टिंग' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तेव्हा पेस्ट म्हणजे खरोखरचा डिंक. बटर पेपरवर पानाची प्रिंट काढायची, तपासताना एखादी वेलांटी चुकलेली सापडली की तेवढीच ओळ पुन्हा काढायची, ब्लेडनं कापायची आणि जुन्या ओळीवर नेमकी बसवायची. ओळ जरा तिरकी बसली तरी छापल्यावर डोळ्यात खुपायची. लॅरी टेस्लर नावाचे संगणकतज्ज्ञ २०२० साली वारले, तेव्हा त्यांच्याविषयी वाचलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं कट, कॉपी, पेस्ट पडद्यावर आणलं. छापखान्यातली कात्री आणि डिंकच त्यांनी यंत्रात नेला होता. ज्या हातांनी मी ओळी चिकटवल्या त्याच हातांनी पुढं रोज शेकडो वेळा कंट्रोल-व्ही दाबलं, म्हणून त्या माणसाविषयी मला आपलेपणा वाटतो.

आता त्या अहवालाविषयी सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या काळी आम्ही मराठी लिहायचो ते कृतिदेव, श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टमध्ये. टाईपरायटरवर तयार झालेली बोटं कृतिदेवमध्ये जवळपास तशीच चालायची, म्हणून माझं बरंचसं काम कृतिदेवमध्ये. एक गोष्ट मात्र तेव्हा मला ठाऊक नव्हती. संगणकाला मराठी येतच नव्हतं. आपण जे बटण दाबू त्यावरचं इंग्रजी अक्षर तो फायलीत जपून ठेवायचा, आणि फॉन्ट त्यावर मराठीचं चित्र चढवायचा. मी 'माण' लिहिलं की पडद्यावर माण दिसायचं. फायलीत असायचं ई, के, टिंब, के. माझ्या बोटांनी दाबलेली चार बटणं, ओळीनं. त्यांना मराठी कोण म्हणत होतं? वरचा फॉन्ट. म्हणजे ज्याला आम्ही सजावट समजत होतो त्या सजावटीतच आमची भाषा होती.

एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे होता. पानं छत्तीस. अध्यक्षांचं मनोगत एकाकडून आलेलं, ताळेबंद दुसऱ्याकडून, कर्जाचे तक्ते तिसऱ्याकडून. प्रत्येकाचा आकार वेगळा, ओळींमधलं अंतर वेगळं, समास वेगळे. सभा दोन दिवसांवर आलेली. संगणकाचे वर्ग घेणाऱ्या एका जाणकारानं मला उपाय सांगितला होता: सगळा मजकूर नोटपॅडमध्ये टाका, तिथून उचला आणि परत वर्डमध्ये आणा, म्हणजे जुनी घाण धुऊन निघते. त्यांचा सल्ला इंग्रजी मजकुरासाठी सोळा आणे खरा होता. मी तो छत्तीस पानांच्या मराठी अहवालावर वापरला आणि त्याच नावानं फाईल सेव्ह केली.

पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं पसरली. मी घाबरले, पण सगळं निवडून कृतिदेव लावला तसं मराठी परत आलं आणि जीव भांड्यात पडला. खरं संकट पुढं होतं. अहवालात जागोजाग मूळची इंग्रजी अक्षरंही होती, आकडे होते, कंस होते, बँकांची संक्षिप्त नावं होती. यातलं मराठी कोणतं आणि इंग्रजी कोणतं हे सांगणारी एकच खूण होती, फॉन्टची. ती मी माझ्या हातानं पुसली होती. थकीत कर्जांना एनपीए म्हणतात, ती तीन इंग्रजी अक्षरं आता 'छच्।' अशी दिसत होती. दोन तक्ते श्रीलिपीत केलेले होते. त्यांच्या जागी कोणत्याच भाषेचं नसलेलं काहीतरी उभं राहिलं.

त्या रात्री भारनियमन होतं. वीज रात्री अकराला आली. संस्थेचे कारकून शेजारी बसून मूळ कागदावरून वाचत होते आणि मी ओळ न् ओळ तपासत होते. पहाटे पाचला पानं निघाली. एक जागा तरी राहिलीच. सभेत एक वयस्क सभासद अहवाल हातात धरून उठले आणि म्हणाले, "ह्ये छच् म्हंजी काय? आमच्या ठेवीचं काय बरंवाईट हाय का त्यात?" ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. जन्मभर मेंढरं राखून साठवलेला पैसा ज्या संस्थेत ठेवला, तिच्या अहवालात न कळणारं अक्षर दिसलं तर माणूस विचारणारच. मी त्या संस्थेचे छपाईचे पैसे घेतले, टायपिंगचे घेतले नाहीत.

त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या दुकानात नोटपॅडचं नाव काढायला बंदी होती. जसं आलं तसं घ्यायचं, फॉन्टसकट.

बदल झाला तो २००८च्या आसपास. एका शिक्षकांनी त्यांचा प्रस्ताव युनिकोडमध्येच हवा म्हणून सांगितलं. माझ्या संगणकावर विंडोज एक्सपी होतं. त्यात भारतीय लिप्यांची सोय आपोआप चालू नसायची, सेटिंगमध्ये एक खूण करून विंडोजची सीडी घालावी लागायची. ती घातली, मंगल फॉन्ट दिसायला लागला. इनस्क्रिप्टचा कळफलक नवा, बोटं अडखळत होती. चार ओळी लिहिल्या आणि जुनी भीती मनात असताना मुद्दाम त्या नोटपॅडमध्ये नेऊन टाकल्या.

मराठी मराठीच राहिलं.

मी ते परत परत करून पाहिलं. मोठा फॉन्ट लावला, काढला, रंग दिला, काढला. 'माण' हे माणच राहत होतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म ला म म्हणायला आता कुणाच्या कपड्याची गरज नव्हती. माझे आजोबा खरसुंडीच्या बाजारात बैल बघायला जायचे तेव्हा आधी झूल उतरवायला लावायचे. गोंडे, शेंब्या, घुंगरमाळा सगळं काढून ठेवा म्हणायचे, मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि त्याला चार पावलं चालवून बघायचे. खिलार जनावर असेल तर ते झुलीशिवायही खिलारच दिसतं. त्या दुपारी मला आजोबांची फार आठवण आली.

मग मी साधं चिकटवण्याच्या सगळ्या वाटा शोधून काढल्या. जुन्या वर्डमध्ये आल्ट-ई, मग एस, आणि समोर आलेल्या यादीतून साधा मजकूर निवडायचा. पुढच्या वर्डमध्ये नेहमीसारखं चिकटवून लगेच एकदा कंट्रोल दाबून सोडायचं आणि टी दाबायचं. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल, आल्ट, शिफ्ट, व्ही अशी चार बोटं. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही. आणि यात एक गमतीची गोष्ट: वर्डमध्ये कित्येक वर्षं कंट्रोल-शिफ्ट-व्ही नेमकं उलटं काम करायचं. कंट्रोल-शिफ्ट-सीनं एका मजकुराची नुसती सजावट उचलायची आणि कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं ती दुसऱ्याच्या अंगावर घालायची. अक्षराला हातही लागायचा नाही. अलीकडच्या वर्डमध्ये तीच बटणं दाबली की सजावट बाहेर राहते आणि अक्षरं आत येतात. ज्यांची बोटं जुन्या सवयीची आहेत त्यांची यात फसगत होते. म्हणून चिकटवल्यावर एक क्षण थांबून पडद्याकडं बघायचं, हेही मी मुलींना सांगते.

२०१२-१३चा दुष्काळ पडला तेव्हा माणमध्ये चारा छावण्या लागल्या. जनावरांच्या याद्या टाईप करायला यायच्या: शेतकऱ्याचं नाव, गाव, मोठी जनावरं किती, लहान किती. एकीनं एक्सेलमध्ये केलेली, दुसऱ्यानं वर्डच्या तक्त्यात, तिसऱ्यानं मेलमध्ये. सगळ्या एका यादीत आणायच्या. तेव्हा साधं चिकटवणं कामाला आलं. तक्ता साधा चिकटवला की त्याच्या रेघा जातात आणि रकान्यांच्या मधे टॅब राहतो. सगळं एकाखाली एक घेऊन शेवटी त्या टॅबवरून पुन्हा एकच तक्ता करता येतो. मात्र कुणी टॅबऐवजी स्पेसबार दाबत दाबत रकाने जुळवलेले असले की हिशेब बिघडायचा. पडद्यावर सरळ दिसणारा आकडा शेजारच्या रकान्यात जाऊन बसायचा आणि एखाद्याच्या दोन बैलांची दोन वासरं व्हायची. चारा मोठ्या जनावराला वेगळा, लहानाला वेगळा. म्हणून प्रत्येक यादीची बेरीज मूळ कागदाच्या बेरजेशी ताडल्याशिवाय मी प्रिंट दिली नाही. रात्री उशीर व्हायचा, पण दावणीला बांधलेलं जनावर उपाशी राहणं मी लहानपणी पाहिलेलं आहे.

पीडीएफमधून घेतलेल्या मजकुराचंही असंच. साधं चिकटवलं तरी प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ तुटलेलीच येते, कारण ते तुटणं मजकुरातच असतं. मी आधी खऱ्या परिच्छेदांच्या जागी तीन चांदण्या टाकते, मग उरलेल्या सगळ्या तुटक्या ओळी बदलून जागा सोडते, आणि शेवटी चांदण्यांचे पुन्हा परिच्छेद करते. दोन मिनिटांचं काम. ते ठाऊक नसलेली मुलगी अर्धा दिवस डिलीटचं बटण दाबत बसते.

एक नुकसान मात्र भरून आलं नाही असंच म्हणेन. एक निवृत्त शिक्षिका जात्यावरच्या ओव्या गोळा करत होत्या. आटपाडी, म्हसवड, मलवडी, जिथं म्हातारी बाई गाते असं कळेल तिथं जायच्या. त्या सांगायच्या, मी युनिकोडमध्ये टाईप करायचे. एकदा मी दिवसभराचं टायपिंग नोटपॅडमध्ये ठेवलं आणि बंद करताना समोर इंग्रजीत एक सूचना आली, ती न वाचता ओके केलं. तेव्हाचं नोटपॅड मुळात एएनएसआय नावाच्या जुन्या पद्धतीत सेव्ह करायचं, त्या पद्धतीत मराठीला जागाच नाही. सूचना तेच सांगत होती. सकाळी फाईल उघडली तर पानभर नुसती प्रश्नचिन्हं. कृतिदेवमध्ये निदान बोटांचा माग राहायचा, फॉन्ट लावला की शब्द परत उभा राहायचा. इथं मागच उरला नव्हता; प्रत्येक अक्षराचं तेच ते प्रश्नचिन्ह. बाईंच्या वहीत ओव्या होत्या, त्या आम्ही पुन्हा घातल्या. पण सांगता सांगता त्या दिवशी त्यांना चार-दोन ओव्या नव्यानं आठवल्या होत्या, त्या वहीत नव्हत्या. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. "परत आठवतील गं," एवढंच म्हणाल्या. समोर आलेली सूचना वाचल्याशिवाय मी त्यानंतर कधी ओके म्हटलेलं नाही.

आणि एवढं सगळं शिकल्यावर, साध्या चिकटवण्यावर माझा पूर्ण भरवसा बसला असताना, वाटणीपत्राचा तो दिवस आला.

तीन भावांची वाटणी. जमीन थोडीच, खरा प्रश्न विहिरीचा. आमच्याकडं विहिरीतला वाटा म्हणजे पाण्याची पाळी, कुणाची मोटार कोणत्या वारी चालणार. घरी बैठका झाल्या, वडीलधारी बसली, मसुदा चार वेळा बदलला. तो मसुदा वर्डच्या फाईलमध्ये माझ्याकडे आला. त्यात बदल करताना जी वाक्यं नको ठरली ती कुणी पुसली नव्हती. त्यांच्यावर आडवी रेघ मारलेली होती, कागदावर मारतात तशी. रेघ म्हणजे रद्द. फाईलचा फॉन्ट तीन प्रकारचा, आकार पाच प्रकारचे. मी सवयीनं सगळं उचललं आणि माझ्या फाईलमध्ये साधं चिकटवलं. रंग गेला, आकार एक झाला, आणि ती आडवी रेघही गेली. रेघ ही सजावटच ना संगणकाच्या लेखी. धाकट्या भावानं विहिरीवरचा हक्क सोडला असल्याचं रद्द केलेलं वाक्य पुन्हा जिवंत झालं, स्वच्छ, सरळ, बाकीच्या वाक्यांच्या रांगेत.

मसुदा मीच वाचून घेतला होता, पण शुद्धलेखनासाठी. सह्यांसाठी सगळे दुकानातच जमले. पुरुषमाणसांनी पानं उलटून पाहिली आणि पेन मागितला. धाकट्याची बायको दाराशी उभी होती. तिनं कागद मागून घेतला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. कुणीतरी घाई केली, तरी तिनं मान वर केली नाही. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. "ताई, ही वळ तर खोडली हुती न्हवं?"

माझे हातपाय गार पडले. मूळ फाईल उघडून सगळ्यांना दाखवली, चूक माझी आहे हे तिथल्या तिथं सांगितलं. थोरल्याचा चेहरा उतरला होता. भावानं डाव केला असं धाकट्याला वाटू शकलं असतं आणि ती घडी पुन्हा बसली नसती. मुद्रांकाचे कागद वाया गेले, ते मी भरून दिले. पुन्हा प्रिंट काढली आणि या वेळी तिलाच मोठ्यानं वाचायला सांगितलं. सहीसाठी तिचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.

त्या दिवसापासून साधं चिकटवण्याआधी मी मूळ मजकूर एकदा वरपासून खालपर्यंत बघते. रेघ मारलेलं काही आहे का. वर चढवलेला आकडा आहे का, कारण चौरसाचा तो बारीक दोन साधा झाला की क्षेत्रफळ बदलतं. तळटिपा आहेत का. पीएचडीच्या प्रबंधांत त्या असतात आणि साध्या चिकटवण्यात हरवतात. ठळक केलेला शब्द नुसता शोभेला आहे की त्यावर कुणाचा जोर आहे. असं काही असलं तर शेजारी वहीत टिपून ठेवायचं, मग चिकटवायचं, मग टिपलेलं एकेक परत घालायचं. वेळ लागतो. गिऱ्हाईक बाकावर बसून घड्याळ बघतं. बसू दे.

सध्या एका ग्रामपंचायतीचे जुने ठराव युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे. १९९८पासूनच्या फायली, बहुतेक माझ्याच हातच्या, कृतिदेवमधल्या. फॉन्ट बदलून देणारी साधनं आता आहेत, तरी जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागतात. परवा शिकाऊ मुलीनं एक फाईल उघडली. तिच्या संगणकावर कृतिदेव घातलेला नव्हता, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. "ताई, ही फाईल खराब झालीय."

मी चष्मा लावून तिच्या खांद्यावरून पाहिलं. बोटं नकळत टेबलावर हलली. "खराब नाही झाली. पहिला शब्द बघ. आय, के, टिंब, के, एच."

"म्हणजे?"

"पाणी," मी म्हटलं. "टँकरचा ठराव आहे. घे लिहून, मी वाचते."